जर्मनचं झाकण

त्या वर्षीचा हवामानाचा वसंत अंदाज होळीच्या आदल्या दिवशी आला. मायाक्कानं तो टेम्पोच्या सावलीत बसून तीन वेळा वाचला.

अंदाज दीड पानाचा होता. फाल्गुन-चैत्रात भीमेच्या खोऱ्यात वादळी दिवस नेहमीच्या दुप्पट. पाडव्यानंतरचे बारा दिवस सर्वांत जोखमीचे. गारा, सोसाट्याचा वारा आणि विजा, बहुतेक वेळा दुपारी तीन ते सहाच्या दरम्यान. खाली तयारीची यादी होती. पत्रे बांधून ठेवा, एकट्या झाडाखाली थांबू नका, वगैरे. यादीतली शेवटची सूचना मेंढपाळांसाठी होती: जनावरं एकत्र गोळा करू नयेत, विखरून ठेवावीत.

त्या ओळीपाशी मायाक्का अडली. समोर काळ्या रानात तिच्या सासऱ्याची दोनशे बारा मेंढरं ज्वारीची धसकटं खुडत होती. ज्वारी निघाली की माणदेशातून ही माणसं भीमेकाठी येत. रानाला लेंडीखत मिळावं म्हणून शेतकरी आपल्या वावरात मेंढरं बसवून घेत, आणि चार-सहा दिवसांनी मुक्काम पुढच्या वावरात हाले. तिचा नवरा सोपान पुढची वावरं ठरवायला महिनाभर आधीच निघून गेला होता. कळपापाशी राहिली ती तिघं. बिराप्पा, त्याची बायको जनाई आणि सून मायाक्का. बारावीला सायन्स घेतलेली घरातली ती एकटीच, आणि टेम्पो चालवणारीही तीच.

"मामा, ऐकताय का? इजा व्हायच्या आधी मेंढरं फाकवायची म्हनत्यात. चार हितं, पाच तितं."

बिराप्पाचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. "काय करायची?"

"फाकवायची."

"कुनी लिवलंय?"

"मुजावर मॅडमच्या हापिसानं."

"मॅडमच्या बापानं मेंढरं राखलीती का?"

"त्यांच्या वडलांचं सायकलचं दुकान हुतं."

"मंग बरोबर हाय." म्हाताऱ्यानं तंबाखू ओठात सोडला. "आगं, माज्या बापानं, आज्यानं, त्येच्या बापानं उभ्या जल्मात येकच काम केलं. फाकलेलं मेंढरू कळपात आनायचं. आन् ह्यास्नी कळपातलं फाकवायचंय."

"आदी थोडा सराव करावा लागंल, मामा."

"सराव!" तो बायकोकडे वळला. "ऐकलंस का? आज मेंढरं हरवायचा सराव. उद्या म्हनंल, नातवंडं हरवायचा करू."

"आदी नातवंड हू तर द्या," जनाई म्हणाली, आणि विषय तिथेच हसण्यावारी गेला.

मुजावर मॅडम, म्हणजे डॉक्टर शबाना मुजावर, दोन वर्षांपूर्वी या कळपाकडे आल्या होत्या. टेम्पोच्या टपावर त्यांनी दाराएवढी एक काळी पाटी बसवून दिली. मेंढरांच्या अंगावरून हात फिरवावा तसा त्या पाटीवरून हात फिरवत त्यांनी मायाक्काला ती समजावून सांगितली होती.

अवकाशातून येणारे किरण हवेच्या वरच्या थरावर सतत आपटत असतात. त्या टकरीतून म्यूऑन नावाचे सूक्ष्म कण जन्मतात आणि पावसासारखे जमिनीवर येतात. उघड्या तळहातातून सेकंदाला एक-दोन म्यूऑन आरपार जातात, आपल्याला पत्ता लागत नाही. पाटीतून मात्र कण गेला की तिच्यात एक बारीक चमक उठते आणि ती मोजली जाते. एवढ्या मोठ्या पाटीवर मिनिटाला वीस हजार. आता, हे कण विद्युतभारित असतात. वाटेत भारलेला ढग आला की काहींची ऊर्जा वाढते, काहींची घटते, आणि खाली पोचणाऱ्यांची संख्या शेकड्यामागे एखाद-दोननं बदलते. बदल एवढासाच. पण दहा-बारा ठिकाणच्या पाट्यांनी तो एकाच वेळी मोजला, तर ढगाच्या पोटात किती कोटी व्होल्ट साठलेत, कुठल्या बाजूला साठलेत आणि किती झपाट्यानं वाढताहेत, हे वीज पडायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी सांगता येतं.

गावागावांतल्या शाळांवर अशा पाट्या बसल्या होत्या. पण दोन गावांच्या मधला मोकळा माळ रिकामाच होता, आणि तिथे फिरतं कोण, तर मेंढपाळ. म्हणून पाट्या त्यांच्या गाड्यांवर आल्या.

"मॅडम, तुमच्या पाटीला लांडगा दिसतो का?" बिराप्पानं तेव्हाच विचारलं होतं.

"नाही दिसत, काका."

"मंग निम्मं आभाळ दिसतंय म्हना की."

मॅडम हसल्या होत्या. पण जाताना त्यांनी मायाक्काला बाजूला घेऊन एक गोष्ट जमिनीवर काडीनं काढून दाखवली होती. वीज झाडावर पडते आणि मुळांतून जमिनीत पसरते. झाडाजवळ जमिनीत विजेचा दाब प्रचंड असतो, आणि दूर जावं तसा तो उतरत जातो. माणूस पाय जुळवून उभा असेल तर दोन्ही पावलांखाली दाब जवळपास सारखाच असतो. मेंढीचे पुढचे आणि मागचे पाय मात्र हातभर लांब. त्या हातभरातच हजारो व्होल्टचा फरक पडतो, प्रवाह एका पायातून चढतो, दुसऱ्यातून उतरतो, आणि वाटेत काळीज असतं.

"आणि मेंढ्या एकमेकींना चिकटून उभ्या असल्या तर?" मायाक्कानं विचारलं होतं.

"ओली लोकर एकमेकींना टेकली की दोनशे मेंढ्यांचं मिळून एकच लांबलचक जनावर होतं," मॅडम म्हणाल्या होत्या. "मग एकीतून शिरलेली वीज सगळ्यांतून जाते."

गेल्या चैत्रात ते खरं झालं. नदीपलीकडच्या एका कळपावर वीज पडली आणि चौसष्ट मेंढरं गोळा केलेल्या जागीच आडवी झाली. बिराप्पा ते बघून आला. तिसऱ्या दिवशी त्यानं नवी वाघर आणली. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. जुनी सुताच्या दोरीची होती. ही नवी तारेची, लांडग्यानं तोंड लावलं तर झटका देणारी. मेंढरं मेली विजेनं, आणि म्हाताऱ्यानं बंदोबस्त केला लांडग्याचा. मायाक्काला ते कोडं तेव्हा उलगडलं नव्हतं.

उलगडा केला जनाईनं. धुळवडीच्या सकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "त्यांच्याशी सरावाचं नगं काढू, बाई. त्यांचा धाकला भाऊ व्हता, धुळा. ह्ये सोळा वर्साचं, त्यो चौदाचा. असाच गारांचा पाऊस आला, मेंढरं फाकली. ह्ये बोलवत ऱ्हायलं, येक आलं न्हाय. लांडग्यानं तीस-बत्तीस फाडली. धुळा हुडकाय गेला त्यो वढ्याच्या पुरात गावला, दुसऱ्या दिशी." तिनं भाकरी उलटली. "तवापासनं आभाळ भरलं की ह्यांच्या हातून कळप सुटत न्हाय."

मायाक्कानं चुलीत काटकी सारली. मग म्हणाली, "आत्या, म्या सराव केला तर तुमी सांगशीला का त्यास्नी?"

"म्या कशापायी सांगू? त्यास्नी डोळं न्हाईत व्हय?"

तिनं त्याच संध्याकाळी सुरुवात केली.

सूचना लिहिणाऱ्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. मेंढरं हाकलून फाकत नाहीत. हुसकावलं की ती आणखी घट्ट चिकटतात. प्रत्येकीला दुसरीच्या पोटाखाली डोकं घालायचं असतं. ढकलून जमणार नव्हतं. त्यांना स्वतःहून जावंसं वाटायला हवं होतं. आणि चैत्राच्या तोंडाला मेंढीला कळपापेक्षा प्यारी अशी एकच गोष्ट असते. बाभळीच्या वाळलेल्या शेंगा.

मायाक्कानं आकडीनं शेंगा पाडल्या, पोती भरली. रोज उन्हं कलली की ती मोकळ्या वावरात पंधरा-पंधरा पावलांवर मूठ-मूठ शेंगांचे ढीग टाकायची. बेचाळीस ढीग. मग जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, मोठ्या पातेल्याचं झाकण घ्यायची आणि उलथन्यानं बडवायची. पहिले दोन दिवस मेंढरं झाकणाच्या आवाजाला घाबरून एकमेकींवर चढली. चौथ्या दिवशी माहेरून आंदण आलेल्या तिच्या अकरा मेंढ्यांना कोडं सुटलं. दहाव्या दिवशी सगळ्या कळपाला. झाकण वाजायचा अवकाश, की गठडी सुटावी तसा कळप सुटायचा. एका ढिगावर पाचांचंच पोट भागतं, सहावी दुसरा ढीग शोधते. कुणी कुणाला शिकवावं लागलं नाही.

बिराप्पा त्या वेळी बरोबर पाठमोरा बसायचा. "नाटकं झाली का?" असं विचारायचा, आणि ती 'हो' म्हणाली की उठून आपली हाळी द्यायचा. "हुर्रऽऽ हा, हा, हाऽऽ!" पोटातून निघून टाळूवर फुटणारी हाळी. दोनशे बारा माना वर होत, आणि अर्धवट चघळलेल्या शेंगा तोंडात घेऊन मेंढरं त्याच्याकडे पळत येत. प्रत्येक वेळी, न चुकता. रोज ते पाहताना मायाक्काला एकच शंका यायची. झाकण आणि हाळी एकाच वेळी वाजली, तर?

फाल्गुनात खोका दोनदा खोटा बोलला. पाटीचा खोका टेम्पोत स्टिअरिंगजवळ होता, आणि त्यातला आवाज खुद्द मुजावर मॅडमचा. "वीज. बावीस मिनिटं," असं तो म्हणाला आणि ढग वरच्या वर विरून गेला. दहातले तीन इशारे असे फुकट जाणार हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं. बिराप्पाच्या कानांत ते 'दहातले तीन' कधी शिरलेच नव्हते.

"तुज्या मॅडमला सांग, खोटं बोलायचं तर कारभाऱ्यागत सराईत बोल म्हनावं."

पाडव्यानंतरचा आठवा दिवस उजाडला तो कुंद. सकाळीच घाम. दहा वाजता रोजचा अंदाज आला, दुपारनंतर जोर. मुक्काम हिवरवाडीच्या वावरात होता. मोठं, सपाट रान, आणि मधोमध एकच जुनी बाभूळ. बिराप्पानं तारेची वाघर नेमकी तिच्या बुडाशी लावली होती. बाभळीनं वारा अडतो, गारा अडतात. चाळीस वर्षं तो असंच करत आला होता.

बाराच्या उन्हात, मेंढरं बांधापलीकडे चरत होती तेव्हा, मायाक्कानं ढीग टाकले. आज मूठभर नाही, ओंजळभर. मॅडमनी झाडापासून पन्नास पावलं सोडायला सांगितली होती, तिनं ती मोजून सोडली. शेवटचा ढीग मात्र तिनं तीस पावलांवरच टाकला. पोतं संपत आलं होतं, पाय भाजत होते, आणि तिथे जमीन जरा सखल, मऊ दिसली. एवढ्यानं काय होतंय, असं तिच्या मनात आलं.

चार वाजून दहा मिनिटांनी, पश्चिमेला ढग नुसता फुलकोबीसारखा पांढरा दिसत असताना, खोका बोलला.

"वीज. चोवीस मिनिटं. पन्नास कोटी व्होल्ट, वाढत आहेत."

तिनं आकडा पाहिला. बोलेपर्यंत तो चोपन्न झाला. नदीपलीकडच्या शाळेची पाटी तेच सांगत होती, आणि तिच्या पुढची शाळाही. फाल्गुनात तिघी कधी एकमतानं बोलल्या नव्हत्या.

"आत्या! कोकरं!"

एकतीस कोकरं डालग्यांतून उचलून टेम्पोत घालायची होती. टेम्पो चारी बाजूंनी पत्र्याचा. वीज पत्र्याच्या बाहेरून उतरून जाते, आतल्याला शिवत नाही, हे मायाक्कानं सासूला इतक्यांदा सांगितलं होतं की जनाई आता ते दुसऱ्यांना सांगायची. एकेका काखेत दोन-दोन कोकरं घेऊन सासू-सुनेनं बारा मिनिटांत टेम्पो भरला. मायाक्कानं दार लोटलं, आणि त्याच क्षणी तिला बाभळीकडून आवाज आला.

"हुर्रऽऽ हा, हा, हाऽऽ!"

बिराप्पानंही ढग पाहिला होता.

ती झाकण घेऊन पळाली. पोचली तेव्हा शेवटची मेंढी वाघरीत शिरत होती आणि म्हातारा जाळीच्या तोंडाशी काठी आडवी धरून उभा होता. बाभळीखाली दोनशे बारा अंगं एकमेकींत रुतलेली. वाऱ्याची पहिली गार झुळूक आली, मातीचा वास घेऊन.

"मामा, सोडा त्यास्नी. दहा मिनिटं ऱ्हायली."

"खोका बोलला?"

"तिन्ही पाट्या बोलल्या."

"दोनदा बोलला हुता. हिकडं ये, दोरी वढ."

मायाक्कानं झाकण बडवलं. वाघरीत माना उठल्या, कान टवकारले. पुढच्या चार-पाच मेंढ्या तारेपर्यंत आल्या. मग सगळ्यांनी बिराप्पाकडे पाहिलं. तो हलला नाही. त्याही हलल्या नाहीत.

"बघितलंस?" म्हातारा म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. "मला इचारत्यात ती. आन् म्या त्यास्नी लांडग्यापुढं सोडू? दीस किती ऱ्हायलाय? गारा पडल्या, अंधार झाला, मंग कोन आननार?"

पश्चिम काळी पडत चालली होती. व्होल्ट, पावलं, पाट्या, सगळं तिच्या ओठांवर आलं आणि तिनं ते गिळलं. तिला सासू आठवली, भाकरी उलटताना बोललेली.

"मामा, धुळाकाकाच्या टायमाला मेंढरं का आली न्हाईत?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडे असं पाहिलं, की ती एक पाऊल मागे सरली. पण बोलायची थांबली नाही.

"तुमी सोळा वर्साचं पोर हुता. तुमची हाळी तवा त्यास्नी ठावी न्हवती. आज ठावी हाय. ईस-बावीस दीस बगतीया म्या. रोज फाकवली, रोज तुमी बोलवली. येक दीस येक तरी चुकली का?"

त्याची नजर वाघरीतल्या मेंढरांवर गेली.

"फाकवायचं काम माजं. आनायचं तुमचं. मला आनता येत न्हाय मामा, म्या कदीच म्हनले न्हाय. पन मेलेली तुमच्यानंबी येनार न्हाईत."

ढगात कुठेतरी आत, दूरवर, गुरगुर झाली. बिराप्पाची काठी खाली आली. त्यानं वाकून वाघरीचा खुंट उपटला, दुसरा उपटला, आणि तार बाजूला ओढली. मायाक्कानं झाकण वाजवलं. मेंढरं तोंडापर्यंत आली आणि परत त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"जा की," तो पुटपुटला. "जा म्हनतुया न्हवं."

"मामा, तुमी रोज पाठमोरं बसायचा," मायाक्का म्हणाली. "पाठ फिरवा."

त्याला ते किती जड गेलं हे तिला दिसत होतं. आभाळ भरलेलं असताना या माणसानं पन्नास-पंचावन्न वर्षांत कळपाकडे पाठ केली नव्हती. तो आधी मानेनं वळला, मग खांद्यांनी, मग पायांनी. झाकण पुन्हा वाजलं. त्याच्या दोन्ही बाजूंनी लोकरीचा लोट निघाला, वावरभर पसरला, आणि ढिगाढिगावर पाच-पाचांचे ठिपके होऊन थांबला.

तिनं सासऱ्याचा हात धरला आणि दोघं टेम्पोकडे पळाली. तो सत्तरीचा होता, तरी तिच्या पुढे पोचला.

आत कोकरांचा कल्लोळ होता. काचा वर. बिराप्पा डोळे मिटून बसला. खोका मॅडमच्या शांत आवाजात म्हणाला, "दोन मिनिटं." मग "एक." मग काहीच म्हणाला नाही, आणि जग पांढरं झालं.

आवाज नंतर आला, आणि तो कानांपेक्षा छातीत जास्त आला. मायाक्कानं डोळे उघडले तेव्हा बाभूळ उभी चिरली होती, वरपासून बुडापर्यंत. तिच्या बुडाशी तारेची वाघर लाल होऊन काळी पडत होती, आणि रिकाम्या जागेतून धूर निघत होता. दोनशे बारा मेंढरं उभी होती ती जागा.

बिराप्पानं ते पाहिलं. त्यानं डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला.

मग गारा. लिंबाएवढ्या, सात मिनिटं, पत्र्यावर अशा की बोललेलं ऐकू येईना. बाहेर काही दिसत नव्हतं. आणखी तीन विजा पडल्या, सगळ्या नदीच्या अंगाला. मग जसं आलं तसं ते पूर्वेला निघून गेलं. पांढऱ्या झालेल्या वावरावर पिवळं ऊन पडलं. खोका म्हणाला, "ढग गेला. तुम्ही सगळे ठीक आहात का?" हे वाक्य मॅडमनी कधी भरून ठेवलं होतं ते मायाक्काला माहीत नव्हतं. जनाईनं खोक्याला उत्तर दिलं, "व्हय बाई, हाव."

बिराप्पा उतरला. गारांवरून कचकच चालत वावराच्या मध्यावर गेला. वावरात एकही मेंढी दिसत नव्हती. गारांनी झोडपल्यावर ती बांधाआड, ओघळीत, तुराट्यांच्या बुडाशी जाऊन लपली होती. त्यानं छाती भरून घेतली आणि हाळी दिली.

काहीच नाही. नुसता ओघळीतून पाणी वाहायचा आवाज.

मायाक्काला त्याची पाठ दिसत होती. ती पाठ सोळा वर्षांच्या पोराची झाली होती.

"दार उघडा आत्या," ती म्हणाली. "कोकरांचं दार."

जनाईनं मागची फळी पाडली. एकतीस कोकरांचा ओरडा एकदम उघड्यावर आला, आणि त्याच्यावरून बिराप्पाची दुसरी हाळी गेली, पहिलीपेक्षा मोठी, फाटलेली.

"हुर्रऽऽ हा, हा, हाऽऽ!"

उत्तरेच्या बांधावर एक डोकं वर आलं. मग तीन. मग ओघळीतून, तुराट्यांतून, कुठून कुठून, ओल्या, लंगडणाऱ्या, ओरडणाऱ्या मेंढ्या निघाल्या. त्या धावत होत्या. काही कोकरांकडे, बाकी सगळ्या म्हाताऱ्याकडे. एवढ्या मेंढ्या त्याच्या गुडघ्यांवर येऊन आदळल्या की तो मागे सरकत सरकत खाली बसला, आणि बसल्या बसल्याच मोजू लागला. हाताखालून एकेक जोडी सोडत, ओठ हलवत. मायाक्काही टेम्पोपाशी उभी राहून मोजत होती.

दोनशे दहा.

उरलेल्या दोन तीस पावलांवरच्या ढिगाशी होत्या. सखल, मऊ जमिनीत. तोंडात शेंगा तशाच. अंगावर एक खूण नव्हती.

मायाक्का त्यांच्याजवळ बसली ती उठेना. "माजी चूक हाय, मामा. पन्नास पावलं सांगितलीती. म्या तीसावर टाकला."

बिराप्पा काठी टेकत आला. दोन्ही मेंढ्यांच्या कपाळाला हात लावला, मग तो हात आपल्या कपाळाला लावला. मग चिरलेल्या बाभळीकडे आणि जळलेल्या वाघरीकडे बघत उभा राहिला.

"म्या शून्य पावलांवर टाकली हुती," तो म्हणाला. "समदी. ऊठ."

सांजेला मुजावर मॅडमचा फोन आला. मायाक्कानं सगळं सांगितलं. तीस पावलंही सांगितली, आणि सखल जमीनही. पलीकडे बराच वेळ नुसतं लिहिल्याचा आवाज येत राहिला. मग मॅडमनी विचारलं, "विखरायला किती वेळ लागला?"

"झाकनापासनं शेवटची मेंढी थांबंपतूर दीड मिनिट."

"आमच्या पुस्तकात मेंढ्यांसाठी अर्धा तास लिहिलाय," मॅडम म्हणाल्या. "आणि 'विखराव्यात' एवढंच लिहिलंय, कशा ते नाही. मायाक्का, पुढच्या वसंत अंदाजात ते तुम्ही लिहायचं. उद्या मी येते. नदीपलीकडचे तीन कळपवालेही येतील, त्यांनी आजची बाभूळ लांबून पाहिली. बिराप्पाकाकांना विचारा, चालेल का?"

मायाक्कानं फोन बाजूला धरून विचारलं.

"येऊ द्या," बिराप्पा म्हणाला. "पन हाळी शिकायला म्हनावं एका दिसात येत न्हाय."

सकाळी तिला जाग आली ती आवाजानं. उन्हं नुकती वर आली होती. वावराच्या मध्यावर बिराप्पा उभा होता, एका हातात उलथनं, एका हातात जर्मनचं झाकण, आणि तो ते जीव खाऊन बडवत होता. आजूबाजूला लांबवर शेंगांचे ढीग त्यानं स्वतः टाकले होते. झाडाच्या थोटकापासून पुरी शंभर पावलं सोडून. आणि त्याच्याभोवती गोल करून, त्याच्या तोंडाकडे एकटक बघत, दोनशे दहा मेंढरं उभी होती.

"ह्यास्नी काय झालंय आज?" तो ओरडला. "बहिरी झाली का गारानं?"

जनाई चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत होती.

"मामा," मायाक्का म्हणाली, "पाठ!"

"आं? हां." तो वळला. झाकण वाजलं. मेंढरं चहूकडे सुटली, पोत्याचं तोंड सुटून ज्वारी पसरावी तशी.

म्हातारा पाठमोराच उभा राहिला, डोळे समोर, मान ताठ.

"गेली का?"

"गेली."

"समदी?"

"समदी, मामा."

"बोलवू?"

"थांबा. दीड मिनिट हू द्या."

तो थांबला. छाती भरून घेतलेली, हाळी टाळूपर्यंत आलेली, आणि ओठ दाबून धरलेले, की ती वेळेआधी निसटू नये.